गोष्ट प्रकाशित होते दहा मिनिटांत, पण वाचक कुठून येतो?

समजा, तुम्ही एक कादंबरी लिहिली आहे. नोकरी सांभाळून, मुलं झोपल्यावर, दोन वर्षं रोज थोडी थोडी. आता पुढे काय? आपल्या आईवडिलांच्या काळात याचं उत्तर ठरलेलं होतं. हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवायचं आणि पोस्टमनची वाट बघायची. नाहीतर पदरचे पैसे घालून पाचशे प्रती छापायच्या, शंभर नातेवाइकांना वाटायच्या आणि उरलेल्या पलंगाखाली सरकवायच्या. आज हे काम दहा मिनिटांचं आहे. खातं उघडा, मजकूर चिकटवा, बटण दाबा. तुमची कादंबरी ओसाकात, ओहायोत आणि औशात एकाच वेळी वाचता येते.

मग अडतं कुठे? अडतं ते असं, की त्याच दिवशी आणखी हजारो जणांनीही तेच बटण दाबलेलं असतं. छपाई फुकट झाली, पण वाचकाचा दिवस अजूनही चोवीस तासांचाच आहे. लाखो गोष्टींच्या ढिगातून तुमची गोष्ट नेमकी तिच्या वाचकापर्यंत पोचणार कशी? हा प्रश्न साहित्याचा वाटतो, पण निम्मा गणिताचा आहे. आणि तो समजून घ्यायला जपानइतकी चांगली प्रयोगशाळा दुसरी सापडणं कठीण.

जपानने हे आधी केलं

मी इथे संशोधनासाठी आले तेव्हा लोकलमध्ये फोनमध्ये डोकं घातलेली माणसं बघून सगळे गेम खेळताहेत असंच वाटायचं. प्रत्यक्षात त्यातले कितीतरी जण कादंबऱ्या वाचत असतात, आणि त्यातल्या बऱ्याच कादंबऱ्या कुठल्याही प्रकाशकाने छापलेल्या नसतात.

याची सुरुवात स्मार्टफोनच्याही आधीची आहे. १९९९ साली 'माहो नो आय-रांदो' नावाची सेवा सुरू झाली. घडीच्या साध्या मोबाइलवरून स्वतःचं पान तयार करायची सोय तिथे होती. त्यावर तरुण मुलींनी तुटक, छोट्या वाक्यांत प्रेमकथा लिहायला सुरुवात केली. या 'केताई शोसेत्सु' म्हणजे मोबाइल-कादंबऱ्या. 'मिका' या टोपणनावाने लिहिलेली 'कोइझोरा' २००६ मध्ये पुस्तकरूपात आली, २००७ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. त्या वर्षीच्या जपानी ललित पुस्तकांच्या खपाच्या यादीत पहिले तिन्ही क्रमांक मोबाइल-कादंबऱ्यांचे होते. समीक्षकांनी नाकं मुरडली, पण प्रकाशकांनी नोंद घेतली.

दरम्यान २००४ मध्ये उमेझाकी युसुके या तरुणाने एक साइट सुरू केली. नाव 'शोसेत्सुका नि नारो', म्हणजे 'चला, कादंबरीकार होऊ या'. लोक तिला नुसतं 'नारो' म्हणतात. लिहायला पैसे नाहीत, वाचायला पैसे नाहीत, मधे संपादक नाही. खर्च जाहिरातींतून निघतो. आज तिथे दहा लाखांहून जास्त कथा-कादंबऱ्या आहेत. 'री:झीरो', 'मुशोकु तेन्सेई', 'कुसुरिया नो हितोरिगोतो' ही अॅनिमे तुमच्या घरातल्या पोरांनी नक्की बघितली असतील. या तिन्हींचा जन्म नारोवर झाला, आणि लिहिणारे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते.

आता आकडेमोडीकडे. नारोवर एखादी कादंबरी आवडली तर वाचक दोन गोष्टी करू शकतो. ती आपल्या यादीत खूण करून ठेवली की लेखकाला २ गुण मिळतात. एक ते पाच तारे दिले तर ताऱ्यामागे २, म्हणजे जास्तीत जास्त १०. एका वाचकाकडून कमाल १२ गुण. या गुणांच्या बेरजेवरून क्रमवारी लागते. क्रमवारीत वर असलेली गोष्ट जास्त लोकांना दिसते, जास्त लोकांना दिसली की जास्त गुण मिळतात, आणि जास्त गुण मिळाले की ती आणखी वर जाते.

पैशाकडे पैसा जातो, तसा वाचकाकडे वाचक जातो. प्रश्न असा, की वर गेलेली गोष्ट चांगली म्हणून वर गेली, की आधी वर गेली म्हणून चांगली ठरली?

राजमा आणि चवळीचा प्रयोग

हे समजून घ्यायला स्वयंपाकघरात जा. मुलांना बरोबर घ्या. एका डब्यात राजम्याचा एक दाणा आणि चवळीचा एक दाणा टाका. शेजारी दोन्हींच्या भरलेल्या वाट्या ठेवा. आता डोळे मिटून डब्यातून एक दाणा काढा. राजमा निघाला तर तो परत टाका आणि वाटीतला आणखी एक राजमा त्यात घाला. चवळी निघाली तर तसंच चवळीचं. असं पन्नास-साठ वेळा करा.

हे दाणे म्हणजे वाचक. राजमा म्हणजे एका कादंबरीचे, चवळी म्हणजे दुसरीचे. ज्या कादंबरीचे वाचक जास्त, तिला पुढचा वाचक मिळायची शक्यता जास्त. बाकी दोन्हींत काडीचा फरक नाही.

काय होतं बघा. पहिल्या खेपेला शक्यता निम्मी-निम्मी. पण राजमा निघाला की डब्यात दोन राजमे, एक चवळी. म्हणजे पुढच्या खेपेला राजम्याची शक्यता एकदम ६७ टक्के. पुन्हा राजमा निघाला तर ७५. याउलट डब्यात पन्नास दाणे झाल्यावर एक नवा दाणा पडला तर प्रमाण जेमतेम एक-दोन टक्क्यांनी हलतं. म्हणजे पहिल्या चार-पाच खेपांत जे होतं, त्याचा ठसा शेवटपर्यंत राहतो.

सगळे दाणे काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. या वेळी प्रमाण कुठेतरी भलतीकडेच स्थिरावेल. गणिताने दाखवता येतं, की शेवटी राजमा १० टक्के असणं, ५० टक्के असणं किंवा ९० टक्के असणं, सगळं सारखंच संभवनीय आहे. हंगेरियन गणिती जॉर्ज पोल्या यांच्या नावाने हे प्रारूप ओळखलं जातं. डेरेक प्राइस यांनी १९७६ मध्ये याच जातीच्या गणिताने संशोधनपत्रांचे संदर्भ मोजून दाखवले. ज्या पेपरचा उल्लेख आधी झाला, त्याचाच पुढे होत राहतो. आम्हा संशोधकांना हे प्रारूप चांगलंच ओळखीचं आहे!

आता याच प्रयोगात एक छोटा बदल करा. सुरुवातीला एक-एक दाणा न टाकता दहा राजमे आणि दहा चवळ्या टाका. बाकी नियम तेच. आता पहिला दाणा कुठलाही निघाला तरी प्रमाण फारसं हलत नाही, आणि खेळ कितीही लांबवला तरी बहुतेक वेळा ते ३० ते ७० टक्क्यांच्या आतच राहतं. सुरुवातीलाच प्रत्येकाच्या पदरात थोडे दाणे पडले, तर नशिबाचा हात आखडतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खरी माणसं असं वागतात का?

तुम्ही म्हणाल, माणसं म्हणजे कडधान्य नव्हेत, त्यांना चांगलं-वाईट कळतं. बरोबर. हेच तपासायला कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू सॅलगनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी एक सुंदर प्रयोग केला. तो २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यांनी अनोळखी बँडची ४८ गाणी एका साइटवर ठेवली. १४,३४१ लोकांनी भाग घेतला. गाणं ऐकायचं, तारे द्यायचे, आवडलं तर उतरवून घ्यायचं.

काही लोकांना फक्त गाण्यांची नावं दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या 'जगां'त वाटलं होतं, आणि आपल्या जगात कुठलं गाणं किती जणांनी उतरवलं तो आकडा त्यांना दिसत होता. आठही जगांची सुरुवात शून्यापासून. गाणी तीच, माणसं सारखीच. म्हणजे इतिहास आठ वेळा चालवून बघायची सोय!

निकाल असा आला, की सर्वांत चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि सर्वांत टाकाऊ गाणी सहसा वर आली नाहीत. पण मधल्या गाण्यांचं काहीही होऊ शकत होतं. आकडे न बघणाऱ्यांनी ज्या गाण्याला २६ वा क्रमांक दिला, ते एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या जगात ४० वं. प्रयोगाच्या दुसऱ्या भागात गाणी लोकप्रियतेच्या क्रमाने एकाखाली एक मांडली, तेव्हा विषमता आणखी वाढली.

पुढे २००८ मध्ये सॅलगनिक आणि वॉट्स यांनी मुद्दाम उलटी क्रमवारी दाखवून पाहिली, तळातलं गाणं वर आणि वरचं तळाला. बऱ्याच गाण्यांच्या बाबतीत खोटी लोकप्रियता खरी होऊन बसली. फक्त सर्वांत चांगली गाणी काही काळाने परत वर सरकली. आणखी एक गोष्ट झाली: एकूणच कमी गाणी उतरवली गेली. क्रमवारी चुकीची असेल तर लोक चुकीचं निवडतात एवढंच नाही, तर कंटाळून निघूनही जातात.

कादंबरीकाराला यातून काय कळतं? चांगलं लिहिणं लागतंच, पण तेवढं पुरत नाही. आणि तुमची कादंबरी खाली राहिली म्हणून ती वाईट, असा निष्कर्ष काढायला गणिताचा आधार नाही.

क्रमवारी लिखाणही बदलते

इथवर आपण वाचकांबद्दल बोललो. पण लेखकही क्रमवारी बघत असतात. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेला विचार आज त्यांच्या नावाचा नियम म्हणून ओळखला जातो. एखादं माप हेच उद्दिष्ट झालं, की ते चांगलं माप राहत नाही. दहावीच्या टक्क्यांचा अनुभव आपल्याला आहेच.

नारोवर हे फार स्पष्ट दिसतं. यादीत वाचकाला सर्वांत आधी दिसतं ते शीर्षक. मग शीर्षकातच सगळी गोष्ट सांगायची चाल पडली. 'तेन्सेई शितारा सुराइमु दात्ता केन' या गाजलेल्या मालिकेच्या नावाचा साधारण अर्थ 'पुनर्जन्म झाला तर मी चिकट गोळा झालो होतो, तो किस्सा' असा होतो. आणि हे नाव आखूडच म्हणायचं, कारण नंतरची शीर्षकं दोन-दोन ओळींची होऊ लागली. विषयाचंही तसंच. आपल्या जगात मेलेला नायक जादूच्या दुनियेत जन्म घेतो, या 'इसेकाई' प्रकाराने वरच्या जागा इतक्या व्यापल्या की २०१६ मध्ये साइटने इसेकाईची क्रमवारीच वेगळी काढली, म्हणजे बाकीच्या प्रकारांना श्वास घेता येईल.

साइटने आधीपासून आणखी एक शहाणपण केलेलं होतं. तिथे एकच क्रमवारी नाही. रोजची, आठवड्याची, महिन्याची, तिमाहीची, वर्षाची आणि सार्वकालिक, अशा वेगवेगळ्या आहेत. राजमा-चवळीच्या भाषेत सांगायचं तर रोजच्या क्रमवारीत डबा रोज रिकामा होतो. जुन्या विजेत्यांचे साठलेले दाणे तिथे कामी येत नाहीत, आणि कालच आलेल्या लेखिकेला आज वर दिसायची संधी मिळते. विसरणं हीसुद्धा एक व्यवस्था असते.

आकड्यांच्या पलीकडे

नारोवर २०१४ मध्ये सुमिनो योरु यांची एक कादंबरी आली: 'किमि नो सुइझो ओ ताबेताई', म्हणजे 'मला तुझं स्वादुपिंड खायचंय'. शीर्षक भयंकर असलं तरी आजारी मुलगी आणि तिचा अबोल वर्गमित्र यांची ती साधी, हळवी गोष्ट आहे. त्यात जादू नाही, पुनर्जन्म नाही. त्या साइटवर चलती असलेल्या जातीची ती नव्हतीच. पण लिहिणाऱ्या एका व्यक्तीच्या ती वाचनात आली आणि त्या व्यक्तीने फुताबाशा या प्रकाशनसंस्थेला तिच्याबद्दल सांगितलं. २०१५ मध्ये पुस्तक निघालं. २०१६ च्या 'होन्या ताइशो'मध्ये, म्हणजे पुस्तक-विक्रेत्यांच्या मतांवर ठरणाऱ्या पुरस्कारात, ते दुसरं आलं. २०१७ मध्ये चित्रपट निघाला आणि खप वीस लाखांच्या पुढे गेला. या सगळ्याच्या मुळाशी काय होतं? एका वाचकाने उचललेला शब्द.

'काकुयोमु' ही कादोकावा प्रकाशनाची साइट २०१६ मध्ये सुरू झाली. नावाचा अर्थच 'लिहा-वाचा'. तिथेही तारे आहेत, पण तारे देताना वाचकाला शिफारसही लिहिता येते, आणि अशा शिफारशी साइटच्या पहिल्या पानावर दिसतात. आकडा 'किती जणांना आवडलं' ते सांगतो. वाक्य 'कुणाला आणि का आवडेल' ते सांगतं. दुसरी माहिती जास्त मोलाची, कारण कादंबरी सगळ्यांना आवडायची गरजच नसते. ती तिच्या वाचकांना सापडायची गरज असते.

आणि न सापडल्यास काय होतं? जपानी वाचकांकडे त्यासाठी खास शब्द आहे: 'एतारु'. इंग्रजीतल्या 'इटर्नल'वरून तो आला. क्रमशः चाललेली गोष्ट मधेच थांबते आणि कायमची अपुरी राहते, तेव्हा ती 'एतारली' म्हणतात. लेखक आजारी पडतो, नोकरी बदलतो, अशी कारणं असतातच. पण बऱ्याचदा कारण साधं असतं: पलीकडून कुणी 'हूं' म्हटलेलं नसतं. आजी गोष्ट सांगायची तेव्हा हुंकार थांबला की गोष्टही थांबायची, तसंच.

मग मराठीचं काय?

क्रमशः लिहिणं आपल्याला नवीन नाही. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी १८९० साली सुरू झालेल्या त्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने वाचकांपर्यंत गेली. नात्सुमे सोसेकी १९०७ मध्ये 'आसाही' वर्तमानपत्रात रुजू झाले आणि त्यांच्या कादंबऱ्याही तशाच रोज थोड्या थोड्या छापल्या गेल्या. दोन्ही भाषांनी एकाच सुमारास एकच वाट धरली होती.

आपल्याकडे आणखी एक भन्नाट यंत्रणा आहे. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, आणि तिथून ती परंपरा रुजली. दिवाळी अंकाकडे गणिताच्या नजरेने बघा. तुम्ही तो एका नावाजलेल्या लेखकासाठी विकत घेता. पण फराळ करताना पानं उलटता उलटता शेजारची, कधी न ऐकलेल्या नावाची कथाही वाचून काढता. म्हणजे अंकाने त्या नवख्या लेखिकेच्या डब्यात सुरुवातीलाच दहा दाणे टाकून दिले! नवशिक्याला हमखास पहिले वाचक मिळवून देणारी याहून साधी युक्ती मला माहीत नाही.

इंटरनेटवर मराठी कथेला जागा कमी नाही. परदेशातल्या मराठी माणसांनी १९९६ मध्ये सुरू केलेली 'मायबोली' आहे. बंगळुरूत २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'प्रतिलिपि'वर बाकी भारतीय भाषांबरोबर मराठीतही कथा-कादंबऱ्या लिहिल्या जातात. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी लोक होते. जपानी बोलणारे साधारण १२ कोटी. फरक आहे, पण दीडपटीच्या आतला. लिहिणारे कमी पडताहेत असंही नाही. आपल्याकडे कमी पडतो तो हुंकार. आपण वाचतो, 'छान आहे' असं मनात म्हणतो आणि खिडकी बंद करतो.

इथे तुमचं, म्हणजे परदेशात बसून मराठी वाचणाऱ्यांचं काम सुरू होतं. राजमा-चवळीचा धडा आठवा: डब्यात पन्नास दाणे असताना एक दाणा काही करत नाही, पण दोनच असताना एक दाणा सगळं फिरवतो. ज्या गोष्टीला लाखभर वाचक आहेत, तिला तुमच्या ताऱ्याने काही फरक पडत नाही. जिला सहाच वाचक आहेत, तिच्या बाबतीत सातवे तुम्ही असलात तर तो फरक खूप मोठा आहे. भाषा जितकी छोट्या गर्दीची, तितकं प्रत्येक वाचकाचं वजन जास्त.

म्हणून वाचकांसाठी तीन साधी कामं. एक: 'सर्वाधिक वाचलेले'ऐवजी महिन्यातून एकदा 'नवीन' यादी उघडा आणि अनोळखी नावाची एक गोष्ट शेवटपर्यंत वाचा. दोन: आवडली तर तारे द्याच, पण एक वाक्यही लिहा, नेमकं काय आवडलं आणि ती कुणी वाचावी ते. तीन: ती कुटुंबाच्या ग्रुपवर न टाकता ज्याला खरंच आवडेल अशा एकाच माणसाला पाठवा.

आणि लिहिणाऱ्यांसाठी एकच. पहिल्या आठवड्याच्या आकड्यांवरून स्वतःची किंमत ठरवू नका. त्या आकड्यांत तुमच्या लिखाणाइतकाच पहिल्या चार दाण्यांचा हात असतो. हप्ते ठरल्या वारी टाका आणि गोष्ट पूर्ण करा. मिया काझुकी यांची 'होन्झुकी नो गेकोकुजो' २०१३ ते २०१७ या काळात नारोवर ६७७ भागांत पूर्ण झाली. जिथे पुस्तकं फक्त श्रीमंतांनाच परवडतात, अशा दुनियेत जन्मलेली एक पुस्तकवेडी मुलगी स्वतः कागद करायला शिकते आणि पुस्तकं तयार करते, त्याची ती गोष्ट. आपल्याला कागद करायची गरज उरलेली नाही. बाकीचं काम मात्र अजून शिल्लक आहे, आणि त्यातलं निम्मं वाचकाचं आहे.